टीव्हीखालचा बिनआवाजाचा मीडिया पीसी: हार्ड डिस्कशिवाय, आणि योग्य क्रमाने

टीव्हीखाली ठेवायचा छोटा पीसी उभा करताना बहुतेक जण आधी पेटी विकत घेतात, मग तिच्यात सिस्टम टाकतात आणि सिनेमे कुठे ठेवायचे हा प्रश्न सगळ्यात शेवटी काढतात. मग नाइलाजाने टीव्हीशेजारी फिरती डिस्क जोडावी लागते आणि शांततेसाठी केलेला सगळा खटाटोप वाया जातो. यातल्या प्रत्येक पायरीवर चांगली माहिती मिळते, पण लोकांचं काम फसतं ते क्रम चुकल्यामुळे. म्हणून या लेखात क्रमावरच भर आहे.

आपल्याला हवी ती पेटी अशी: आत फिरणारी एकही वस्तू नाही, म्हणजे हार्ड डिस्क नाही आणि पंखाही नाही. सिस्टम फ्लॅश मेमरीवर, सिनेमे दुसऱ्या खोलीतल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) किंवा जुन्या पीसीवर, मध्ये नेटवर्कची केबल. सॉफ्टवेअर लिब्रेइलेक. हे फक्त कोडी हा सिनेमे दाखवणारा प्लेअर चालवण्यापुरतं बेतलेलं लिनक्स आहे. त्याची मूळ सिस्टम ही एकच दाबून लहान केलेली (कॉम्प्रेस्ड) फाइल असते आणि ती फक्त वाचली जाते. लिहिण्याचं सगळं काम वेगळ्या विभागात होतं. त्यामुळे ते लवकर सुरू होतं आणि फ्लॅशची झीजही कमी होते.

सुरुवात करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: तुम्ही मुख्यतः स्वतःजवळच्या फायली बघता की ओटीटी सेवा? लिनक्सवर वाइडव्हाइन, म्हणजे ओटीटीच्या चित्राची नक्कल रोखणारं कुलूप, फक्त सॉफ्टवेअर पातळीवर चालतं, त्यामुळे बड्या ओटीटी सेवा तिथे ४के चित्र देत नाहीत. बघणं प्रामुख्याने ओटीटीचं असेल तर ही पेटी तुमच्यासाठी नाही. हे आधीच कळलेलं बरं.

टप्पा १: सिनेमे कुठे राहणार आणि टीव्हीपर्यंत कसे येणार

पेटी विकत घेण्याआधी हा टप्पा पूर्ण करा. टीव्हीच्या जागेपर्यंत गिगाबिट केबल पोचवा. ब्लू-रेचा कमाल दर सेकंदाला ४८ मेगाबिट असतो, अल्ट्रा एचडी ब्लू-रेचा १२८ पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे १०० मेगाबिटचं जुनं स्विच मध्ये कुठेही असेल तर नेमक्या धावपळीच्या दृश्यात सिनेमा अडकेल आणि दोष बिचाऱ्या कोडीवर येईल. वाय-फायवर १०८०पी बऱ्याचदा चालून जातं, पण ४केच्या मोठ्या फायलींसाठी मी वाय-फायचा विचारच करणार नाही.

केबलच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी नजरेतून सुटते. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एका जोडीची तार क्लिपमध्ये नीट बसलेली नसली तरी केबल चालू दिसते, इंटरनेटही येतं, फक्त वेग मुकाट्याने १०० वर उतरतो.

नॅसला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवा. हे आत्ताच करायचं कारण टप्पा ७ मध्ये कळेल. फोल्डर एनएफएस किंवा एसएमबी यांपैकी एका पद्धतीने नेटवर्कवर शेअर करा. दोन्ही बाजूंना लिनक्स असेल तर एनएफएस हलकं पडतं, नॅसला विंडोज मशीनही जोडलेली असतील तर एसएमबी सोयीचं. मीडिया पीसीसाठी वेगळा युजर काढा आणि त्याला फक्त वाचण्याची परवानगी द्या. रिमोटवरच्या एका चुकीच्या बटणाने सिनेमा कायमचा पुसला जाण्याची शक्यता त्यामुळे मुळातच संपते.

*तपासणी:* लॅपटॉप टीव्हीच्या जागी आणून त्याच केबलला लावा आणि काही जीबीची एक फाइल नॅसवरून कॉपी करा. सेकंदाला शंभरच्या आसपास मेगाबाइट दिसले तर वाट मोकळी आहे. आकडा अकरा-बाराच्या वर सरकत नसेल तर केबल, स्विच किंवा पोर्ट यांतलं काहीतरी १०० मेगाबिटवर अडकलं आहे. ते सुटेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा २: फायली पाहून पेटी निवडणं

तुमच्या संग्रहातल्या दहा-बारा वेगवेगळ्या फायली मीडियाइन्फो या फायलींची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आणि व्हिडिओचा प्रकार लिहून काढा: एच.२६४, एचईव्हीसी, व्हीपी९ की एव्ही१. एचईव्हीसी असेल तर ८ बिट की १० बिट हेही टिपून ठेवा. ही यादी हाताशी असल्याशिवाय निवड करू नका. चिपमध्ये त्या प्रकाराचा हार्डवेअर डिकोडर (व्हिडिओ उलगडणारा खास भाग) असेल तर काम थंडपणे होतं. नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, पेटी तापते आणि पंखा नसल्यामुळे तिला वेग कमी करावा लागतो.

रास्पबेरी पाय हा एकाच बोर्डावरचा छोटा संगणक, पुढे त्याला नुसतं ‘पाय’ म्हटलं आहे. पाय ४ मध्ये १०८०पीपर्यंतच्या एच.२६४ साठी आणि ४केच्या एचईव्हीसीसाठी हार्डवेअर डिकोडर आहे. पाय ५ नवा आणि जास्त ताकदीचा असला तरी त्यात फक्त एचईव्हीसीचा डिकोडर ठेवला आहे. एच.२६४ तो प्रोसेसरवर चालवतो आणि १०८०पीला ते सहज जमतं. एव्ही१ चा डिकोडर दोघांतही नाही. २०२३ मध्ये आलेल्या इंटेल एन१०० या मिनी पीसींतल्या चिपमध्ये एच.२६४, १० बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या चारही प्रकारांची सोय आहे. संग्रह मिश्र असेल तर माझा कौल एन१०० ला. सगळं एच.२६४ आणि एचईव्हीसीत असेल तर पाय ४ अजूनही उत्तम आहे. शिवाय त्यात सीईसी आहे, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालतं. बहुतेक पीसींच्या एचडीएमआय पोर्टमध्ये सीईसी नसतं, त्यासाठी वेगळं यूएसबी अडॅप्टर किंवा इन्फ्रारेड रिसीव्हर घ्यावा लागतो.

*सावधान:* एन१०० ची मूळ मर्यादा ६ वॉटची असली, तरी या चिपच्या बऱ्याच मिनी पीसींमध्ये छोटा पंखा असतो. असा इवलासा पंखा जोरात फिरला की त्याचा बारीक किणकिण आवाज मोठ्या पंख्याच्या घरघरीपेक्षा जास्त टोचतो. वर्णनात ‘फॅनलेस’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि बाहेरचं कवच उष्णता बाहेर टाकणाऱ्या उभ्या पट्ट्यांचं, जाड धातूचं असेल तरच घ्या.

आता साठवणीचं माध्यम. सिस्टमला जागा फार थोडी लागते. पोस्टर आणि फोटोंचा साठा धरूनही ३२ जीबी भरपूर झाली. पण कोणती ३२ जीबी, हा खरा प्रश्न आहे.

स्वस्त पेन ड्राइव्ह मोठी फाइल सलग वाचताना बरा वाटतो. सिस्टम सुरू होताना आणि कोडीची यादी उघडताना मात्र हजारो छोटे तुकडे इकडून तिकडून वाचावे लागतात आणि तिथे तो धापा टाकतो. त्यातच लिखाण सगळ्या पेशींवर सारखं वाटून देण्याची सोय त्याच्या कंट्रोलरमध्ये अगदी जुजबी असते, म्हणून तो लवकर झिजतो. पीसीत एम.२ किंवा साटाचा छोटा एसएसडी घाला. त्यातही फिरणारं काहीच नसतं, आणि आवाज, वेग, आयुष्य या तिन्ही बाबतींत त्याला तोड नाही. पायसाठी कार्ड घेताना त्यावरचा मोठा ‘मेगाबाइट प्रतिसेकंद’ आकडा बाजूला ठेवा आणि ए१ किंवा ए२ ही खूण शोधा. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० छोटी वाचनं आणि ५०० लेखनं, ए२ म्हणजे ४००० आणि २०००. आपल्या कामाला हाच आकडा लागू पडतो.

पॉवर अडॅप्टरवर काटकसर नको. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५ अँपिअर. फोनच्या चार्जरवर चालवलेला पाय मध्येच गोठतो आणि कार्डावरचं लिखाण अर्धवट सोडतो. पडद्याच्या कोपऱ्यात विजेची पिवळी खूण दिसली तर तो कमी व्होल्टेजचा इशारा असतो.

टप्पा ३: जोडणी, उष्णता आणि जागा

पंखा नसलेल्या पेटीत चिपची उष्णता थर्मल पॅडमधून कवचापर्यंत जाते. पॅडला दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. एका बाजूचा काढला जातो, दुसऱ्या बाजूचा पारदर्शक असल्याने राहून जातो. नखाने कोपरा उचलून पाहा आणि दोन्ही निघाल्याची खात्री झाल्यावरच पॅड बसवा. स्क्रू एकदम आवळू नका. समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करत जा, म्हणजे पॅड एकसारखा दाबला जातो.

पेटी बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर किंवा टीव्हीच्या गरम हवेच्या झरोक्यासमोर ठेवू नका. वरून हवा निघून जायला वाट हवी. पाय ८० अंश सेल्सिअसला पोचला की स्वतःहून वेग कमी करू लागतो, आणि बघणाऱ्याला ते ‘सिनेमा अर्ध्या तासाने अडकतो’ असं दिसतं.

वायरलेस कीबोर्ड किंवा रिमोट असेल तर हेही पाहा: यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि केबलमधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. रिमोटचा छोटा रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टला, शेजारी चालू पेन ड्राइव्ह, असं असलं की बटणं दाबूनही दाद मिळत नाही. रिसीव्हर यूएसबी २ च्या पोर्टला लावा किंवा हातभर लांबीच्या एक्स्टेन्शनने दूर न्या.

टप्पा ४: बायोस, पण दोन हप्त्यांत

बायोस म्हणजे पीसी सुरू होताना सिस्टमच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम. पाय वापरणाऱ्यांनी हा टप्पा सोडून द्यावा.

पहिला हप्ता सिस्टम टाकण्याआधीचा. सिक्युअर बूट (फक्त मान्यतेची सही असलेली सिस्टम सुरू होऊ देणारी सोय) बंद करा, नाहीतर लिब्रेइलेक सुरूच होणार नाही. वीज जाऊन परत आल्यावर पेटीने काय करावं हेही ठरवा. ‘बंद राहा’ हा पर्याय मला योग्य वाटतो, नाहीतर रात्री वीज आली की टीव्हीही जागा होऊ शकतो.

दुसरा हप्ता सिस्टम नीट चालू लागल्यानंतरचा. फास्ट बूट चालू करा, नेटवर्कवरून बूट करण्याचा पर्याय बंद करा, ज्या माध्यमावर सिस्टम आहे ते यादीत पहिलं आणा, आणि सुरुवातीच्या लोगोची किंवा बटण दाबण्यासाठी थांबण्याची वेळ शून्यावर आणा.

*सावधान:* फास्ट बूट आधीच चालू केलं तर काही बोर्ड सुरुवातीला यूएसबीकडे बघतच नाहीत. इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह दिसत नाही, कीबोर्डही दाद देत नाही, आणि बायोसमध्ये परत शिरणं अवघड होऊन बसतं. म्हणून दोन हप्ते.

टप्पा ५: लिब्रेइलेक बसवणं

तुमच्या यंत्राचीच इमेज, म्हणजे पूर्ण सिस्टमची एक फाइल, उतरवून घ्या. पाय ४, पाय ५ आणि पीसी या प्रत्येकाची वेगळी असते. इमेजची एसएचए२५६ बेरीज (फाइल बिनचूक उतरली का हे सांगणारी खूण) संकेतस्थळावरच्या बेरजेशी ताडून पाहा, मग रास्पबेरी पाय इमेजर किंवा तशाच साधनाने ती कार्डावर अथवा पेन ड्राइव्हवर लिहा. फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून भागत नाही.

पायमध्ये तेच कार्ड कायमचं राहतं. पीसीत पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर आतल्या एसएसडीवर बसवण्याचा पर्याय येतो. निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते, तेव्हा दुसरी कुठलीही डिस्क त्या वेळी जोडलेली नसावी.

पहिल्यांदा सुरू होताना लिखाणाचा विभाग पूर्ण आकाराचा होतो आणि पेटी स्वतःच पुन्हा सुरू होते. या काळात वीज तोडू नका. नंतर सेटिंगमधून नेटवर्क आणि टाइम झोन ठरवा. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते, तो वेळ नेटवर्कवरून घेतो. वेळ चुकली की पोस्टर उतरत नाहीत, कारण सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं मुदतीबाहेरची ठरतात.

आपोआप अपडेट बंद ठेवून हाताने करण्याचा पर्याय निवडा. नीट बसलेली पेटी सिनेमाच्या वेळी अपडेटमुळे अडू नये.

टप्पा ६: लायब्ररीच्या आधी चित्र आणि आवाज

इथे घाई होते. पोस्टरांची सुंदर भिंत आधी उभी राहते, आणि चित्र झटके देतं हे चार दिवसांनी ध्यानात येतं.

बहुतेक सिनेमे सेकंदाला २३.९७६ चौकटींचे (फ्रेम्सचे) असतात, टीव्हीचा पडदा मात्र ६० वर चालू असतो. हिशोब जमवायला एक चौकट दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवली जाते. कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा किंवा शेवटची नामावली वर सरकते तेव्हा पाहा: अक्षरं सरळ सरकत नाहीत, बारीक अडखळत जातात. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘अॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ आहे, ते ‘ऑन स्टार्ट / स्टॉप’ वर ठेवा. सेटिंगची पातळी ‘एक्स्पर्ट’ केली की डिस्प्लेच्या पानावर ‘व्हाइटलिस्ट’ दिसते. टीव्ही खरोखर दाखवू शकतो ते दर, म्हणजे २३.९७६, २४, २५, २९.९७, ३०, ५०, ५९.९४ आणि ६० यांपैकी जे आहेत ते, तिथे निवडा. कोडीचा मेनू १०८०पीवरच राहू द्या. तो ४केत चालवून चिपवर विनाकारण भार येतो, सिनेमा सुरू झाला की व्हाइटलिस्टप्रमाणे पडदा ४केवर जातोच.

दर बदलताना टीव्ही क्षणभर काळा होतो आणि सिनेमाचा पहिला आवाज गिळला जातो. दर बदलल्यानंतर थांबण्याची वेळ दोनेक सेकंद ठेवली की ती तक्रार मिटते.

४के ६० हवं असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टचा वाढीव क्षमतेचा पर्याय चालू आहे का ते पाहा, कित्येक टीव्हींवर तो आधी बंदच असतो. पाय ४ वर ही क्षमता फक्त पॉवरच्या शेजारच्या एचडीएमआय पोर्टला आहे.

आवाजासाठी पासथ्रू, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवणं, फक्त एव्ही रिसीव्हर असेल तेव्हाच चालू करा, आणि रिसीव्हरला जे प्रकार कळतात तेवढेच निवडा. नुसता टीव्ही असेल तर बंदच असू द्या. ‘काही सिनेमांना आवाज येत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं.

*तपासणी:* टप्पा २ मधल्या यादीतली प्रत्येक प्रकारची एक फाइल लावा आणि कीबोर्डवर ‘ओ’ दाबा. डिकोडरच्या नावापुढे ‘एचडब्ल्यू’ दिसलं तर काम हार्डवेअरवर चाललं आहे. एच.२६४ साठी पाय ५ वर ते दिसणार नाही, ते अपेक्षितच आहे. बाकी जिथे दिसायला हवं तिथे दिसत नसेल तर थांबून कारण शोधा.

टप्पा ७: लायब्ररी

कोडी प्रत्येक सिनेमाची नोंद पूर्ण पत्त्यासकट ठेवतो. नॅसचा पत्ता नंतर बदलला की सगळ्या नोंदी एका फटक्यात निर्जीव होतात. टप्पा १ मध्ये पत्ता कायम करून घेतला तो यासाठीच.

सोर्स, म्हणजे कोडीला दाखवायचं सिनेमांचं फोल्डर, जोडण्याआधी नावं नीट करा: प्रत्येक सिनेमाला वेगळं फोल्डर, नाव आणि पुढे कंसात वर्ष. मालिका पूर्णपणे वेगळ्या फोल्डरात, भागांच्या नावात सीझन आणि भागाचा क्रमांक. दोन्ही एकाच सोर्समध्ये मिसळले तर ओळख चुकते, आणि हाताने दुरुस्त करत बसणं फार कंटाळवाणं काम आहे. आधी पाच-सहा सिनेमांचं छोटं फोल्डर जोडून पाहा, ते बरोबर ओळखले गेले तरच पूर्ण संग्रह जोडा.

‘मीडिया’च्या पानावर फायलींमधून थंबनेल आणि माहिती काढण्याचे पर्याय आहेत. ते बंद करा. चालू असले की कोडी नेटवर्कवरून एकेक फाइल उघडून वाचत बसतो आणि नॅसच्या डिस्कला उगाच जागं ठेवतो.

*सावधान:* नॅस बंद असताना ‘क्लीन लायब्ररी’ चालवू नका. कोडीला फायली सापडत नाहीत आणि नोंदी उडू शकतात.

नॅसची डिस्क झोपवलेली असेल तर पहिला सिनेमा सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, ते बिघाडाचं लक्षण नाही. पूर्ण नॅसच झोपत असेल तर पॉवर सेव्हिंगच्या पानावर दूरच्या सर्व्हरला जागं करण्याचा पर्याय आहे, त्यासाठी नॅसमध्ये वेक-ऑन-लॅन चालू असायला हवं.

टप्पा ८: फ्लॅशवरचं लिखाण कमी करणं

लिब्रेइलेकने बरंचसं काम आधीच केलेलं असतं. तुम्ही फक्त त्यात भर घालू नका. डीबग लॉगिंग एखादा दोष शोधताना चालू केलं असेल तर नंतर आठवणीने बंद करा, ते सतत लिहीत राहतं. टीव्हीचं थेट प्रक्षेपण रेकॉर्ड करणं किंवा थांबवून मागे नेणं हे कार्डावर मुळीच नको, त्यासाठी नॅसवरची जागा द्या.

जुन्या सल्ल्यांमधून ‘अॅडव्हान्स्डसेटिंग्ज’ची फाइल जशीच्या तशी उचलली जाते आणि तिच्यात कॅशची (सिनेमाचा पुढचा भाग आधीच आणून ठेवण्याच्या जागेची) मेमरी शून्य लिहिलेली असते. जुन्या कोडीत शून्याचा अर्थ ‘कॅश डिस्कवर ठेवा’ असा होता. म्हणजे अख्खा सिनेमा बघता बघता फ्लॅशवर लिहिला जायचा. कोडी २१ पासून कॅशचे पर्याय थेट मेनूत आले आहेत. ते मेमरीवरच ठेवा आणि ती जुनी फाइल विसरा.

टप्पा ९: सुरू होण्याचा वेळ मोजणं

घड्याळ लावून एकूण वेळ मोजण्यात फारसा अर्थ नाही. वेळ तीन तुकड्यांत मोजा: बटणापासून लिब्रेइलेकच्या खुणेपर्यंत, तिथून कोडीच्या खुणेपर्यंत, आणि तिथून रिमोटला दाद मिळेपर्यंत.

पहिला तुकडा लांबला तर कारण बायोसमध्ये आहे, टप्पा ४ चा दुसरा हप्ता पूर्ण झाला का ते पाहा. एसएसडी कितीही महाग घेतला तरी हा वेळ कमी होत नाही. दुसरा तुकडा लांबला तर माध्यम मंद आहे. तिसरा लांबला तर कोडीवर घातलेले दागिने जबाबदार आहेत: जड स्किन, सुरू होतानाच धावणारे अॅडऑन, आणि ‘सुरू होताना लायब्ररी अपडेट करा’ हा पर्याय. तो बंद करून नवा सिनेमा टाकल्यावर हाताने अपडेट करा.

लिब्रेइलेकच्या नेटवर्कच्या पानावर ‘कोडी सुरू करण्याआधी नेटवर्कची वाट पाहा’ असा पर्याय आहे. लायब्ररीची नोंदवही पेटीतच असल्याने तो बंद ठेवायला हरकत नाही. तुम्ही सिनेमा निवडेपर्यंत नेटवर्क तयार झालेलं असतं. नोंदवही नॅसवरच्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवून दोन-तीन पेट्यांत वाटली असेल तर मात्र तो चालूच ठेवा.

पेटी नेहमी मेनूतून बंद करा. प्लग उपटला तरी मूळ सिस्टमला काही होत नाही, ती फक्त वाचली जाते. पण त्याच क्षणी नोंदवहीत काही लिहिलं जात असेल तर ती खराब होते आणि लायब्ररी रिकामी दिसते.

टप्पा १०: बॅकअप, आणि तो परत लावून पाहणं

सगळं मनासारखं झालं की लिब्रेइलेकच्या सेटिंगमधून सिस्टम आणि कोडीचा बॅकअप घ्या. ती फाइल आधी त्याच कार्डावर तयार होते. तिथेच ठेवली तर कार्डाबरोबर तीही जाईल, म्हणून लगेच नॅसवर किंवा लॅपटॉपवर हलवा आणि कार्डावरची प्रत पुसून टाका. नॅसवरचं फोल्डर आपण फक्त वाचण्यापुरतं दिलं आहे, तेव्हा हे लॅपटॉपवरूनच करावं लागेल: लिब्रेइलेकमध्ये सांबा (एसएमबीने फोल्डर शेअर करणारी सोय) चालू करा, पेटीचं बॅकअप फोल्डर नेटवर्कवर दिसेल, तिथून उचला.

दुसरं कार्ड हाताशी असेल तर त्यावर नवी इमेज लिहून हा बॅकअप परत लावून पाहा. लायब्ररी, चित्राचे दर आणि रिमोट तिन्ही पहिल्यासारखे आले तर ते कार्ड नाव लिहून नॅसजवळच ठेवून द्या. न आल्यास पहिलं कार्ड धडधाकट असतानाच बॅकअप नव्याने घ्या.